घरांतील तळें

कोल्हापुरास तळ्यांचें वेड जुनें आहे. ज्या गांवाच्या एका अंगास रंकाळा, दुसऱ्या अंगास कोटितीर्थ आणि वेशीशीं पंचगंगा, तेथील गृहस्थानें पाण्याचा आणखी एक सांठा दिवाणखान्यांत आणावा, हें ऐकून कोणासही हंसूं येईल. दोन वर्षांपूर्वीं मीं आठ फूट लांब, अडीच फूट रुंद व अडीच फूट उंच अशी कांचेची पेटी करवून घेतली, तेव्हां आमच्या मंगळवार पेठेंतील घरीं असेंच हंसें झालें. आठवडा लोटला नाहीं तोंच त्या हंशाचें रडें झालें. बाजारांतून आणलेले बारा सोनेरी मासे पांच दिवसांत एकामागून एक उताणे तरंगूं लागले. पाणी तर आरशासारखें स्वच्छ होतें. मग हे मेले कशानें? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जो इतिहास हातीं आला, तो आज आपणांपुढें मांडतों.

आपल्या प्रांतांत राजेरजवाडे मासे पाळीत, ही गोष्ट नवी नव्हे. शिलाहार राजा गंडरादित्य यानें मिरज प्रांतांतील इरुकुडी येथें गंडसमुद्र नांवाचें तळें बांधविलें आणि त्याच्या परिसरांत शिव, बुद्ध व जिन अशा तिन्ही देवतांचीं मंदिरें उभारलीं, असें त्याच्या शके 1032 च्या ताम्रपटावरून कळतें. हे शिलाहार ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, त्यांच्यापैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ नांवाचा ग्रंथ रचिला. त्यांत मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास काय चारावें आणि गळ कसा टाकावा, हें सर्व राजानें हौसेनें सांगितलें आहे. परंतु पाणी निरोगी कसें राखावें, ही विवंचना त्याला पडण्याचें कारण नव्हतें. तळ्याच्या तळाशीं गाळ होता, कांठास वनस्पती होत्या, दर पावसाळ्यांत नवें पाणी येत होतें. तें काम तळें स्वतःच करी. कांचेची पेटी मात्र कांहींच आपण होऊन करीत नाहीं. तिच्या धन्यालाच तळें व्हावें लागतें.

वनस्पती हवा शुद्ध करिते, हें प्रीस्टले यानें 1771 सालीं पुदिन्याच्या डहाळीवरून दाखविलें, आणि त्यास सूर्यप्रकाश लागतो हें इंगेनहौझ यानें 1779 सालीं सिद्ध केलें. पण या ज्ञानाचा मासे पाळण्याकडे पद्धतशीर उपयोग केला तो लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनज्ञानें. औषधें करणाऱ्यांच्या संस्थेंत तो नोकरीस होता. बारा गॅलन, म्हणजे सुमारें 54 लिटर पाण्याच्या पात्रांत त्यानें वाळू, माती व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पती लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले. व्हॅलिस्नेरिया म्हणजे फितीसारख्या लांब पानांचें तें गवत. आपल्याकडील तळ्यांतही तें उगवतें. आरंभीं सर्व ठीक चाललें. पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें आणि मासे कासावीस झाले. दुसरा कोणी असता तर त्यानें पाणी ओतून दिलें असतें. वॉरिंग्टननें तळ्यांत काय घडतें तें आठवलें आणि कांहीं गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं-पिलें माशांना अन्न म्हणून मिळालीं. ही हकीकत त्यानें 1850 च्या मार्च महिन्यांत केमिकल सोसायटीपुढें वाचली. 1853 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें कांचघर उघडलें, 1854 सालीं गॉस याचें पुस्तक निघालें, आणि पाहतां पाहतां घरोघरीं कांचपेट्या आल्या. ही लाट फार दिवस टिकली नाहीं. मासे मरत, पाणी घाण येई, आणि हौस विटे.

याचें कारण असें कीं वॉरिंग्टनच्या कोष्टकांतलें एक घर रिकामें राहिलें होतें. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया पाण्यांत उतरतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण माशास विष आहे. या विषाचें पुढें काय होतें? गंमत अशी कीं तें रिकामें घर भरण्यास ज्यांचे हात लागले त्यांत वॉरिंग्टनचाच मुलगा होता. बापाचेंच नांव धारण करणारा हा धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत काम करी. जमिनींतील अमोनियाचें नायट्रेट होतें तें सूक्ष्म जंतूंमुळें, आणि तेंही दोन पायऱ्यांनीं, असें त्याच्या प्रयोगांवरून दिसून आलें. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यानें ते जंतू वेगळे करून दाखविले. मुलाचें लक्ष शेताच्या मातीवर होतें. पण बापाच्या पात्रांतल्या वाळूंतही तेच जंतू मुकाट्यानें काम करीत होते. आमच्या पेटींत तेच नव्हते. नळाचें क्लोरिनयुक्त पाणी, धुवून लख्ख केलेली वाळू, आणि त्याच संध्याकाळीं बारा मासे! जंतूंची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मीं त्यांना चार तासही दिले नाहींत.

दुसऱ्या खेपेस मी शहाणा झालों. पेटी माडीवरून उतरवून तळमजल्याच्या फरशीवर, पक्क्या चौथऱ्यावर आणली. कारण या मापाच्या पेटींत 1,400 लिटर पाणी मावतें, म्हणजे नुसत्या पाण्याचेंच ओझें 1,400 किलो. जुन्या वाड्याच्या तुळयांवर तें लादणें म्हणजे खालच्या मजल्यावरील मंडळींच्या जिवाशीं खेळ. तळाशीं दोन बोटें बिनखताची माती, तिच्यावर तीन बोटें जाड वाळू घातली. मागल्या बाजूस फितीचें गवत लाविलें. त्याचा कोंब वाळूखालीं पुरला तर तो कुजतो, हें एक लक्षांत ठेवावें. पाणी दोन दिवस उघडें ठेवून मग भरलें, आणि ओळखीच्या एका जुन्या पेटींतली ओंजळभर वाळू विरजणासारखी टाकली.

मासे कोणते, हा प्रश्न राहिला. येथें मला कर्नल साइक्सची आठवण होते. मुंबई सरकारच्या नोकरींत असतां यानें दख्खनच्या नद्यांतील मासे तपासले आणि 1838 सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें त्यांतील चाळीसहून अधिक जातींचें वर्णन ठेविलें. त्याचा मोठेपणा हा कीं त्यानें पुष्कळ माशांना कोळ्यांच्या तोंडचींच नांवें शास्त्रांत दिलीं. खुद्री, कोलुस, रोहटी, नुकटा हीं नांवें अजून जगभरच्या ग्रंथांत चालतात. नुकटा म्हणजे आपला नकटा. त्याच्या थोबाडावर असा कांहीं चमत्कारिक उंचवटा असतो कीं नाक आहे कीं नाहीं याचा संभ्रम पडावा. इंद्रायणींत सांपडलेला हा मासा आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. कोल्हापूरच्या माशांची स्वतंत्र यादी 1956 सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ती हातीं घेऊन आज कोणी पंचगंगेच्या घाटावर बसेल तर त्याची निराशाच अधिक होईल.

या निराशेंत हौशी माणसांचाही वांटा आहे, आणि हें मला बोचतें. ज्याला आपण केंदाळ म्हणतों ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें ती देशोदेशीं नेली गेली. तिनें रंकाळ्याचें आणि पंचगंगेचें पाणी कसें झांकून टाकलें तें आपण पाहिलेंच आहे. डांसांच्या नाशासाठीं गॅम्बुसिया आला, 1952 सालीं तिलापिया आला. शोभेच्या पेटींत वाढून जड झालेला परदेशी मासा ‘जीव वांचला’ म्हणून तळ्यांत सोडणारे भूतदयावादीही आहेत. त्यांना हात जोडून सांगावेंसें वाटतें कीं तो मासा दुकानदारास परत द्या, दुसऱ्या हौशी घरीं द्या, पण रंकाळ्याला देऊं नका.

म्हणून मीं ठरविलें आहे तें इतकेंच: थोडे मासे, आणि तेही आपल्या पाण्यांतले, लहान अंगाचे. खुद्री हात-दोन हात वाढतो, त्याला घरांत कोंडणें अन्याय. मरळ शेजाऱ्यांना गिळील. दांडवणीसारखे कळपानें राहणारे चपळ मासे या पेटींत शोभतील. नदींतून मात्र ते ओरबाडून आणणार नाहीं. पाळलेल्या माशांचीं पिलें मिळेपर्यंत थांबेन.

सध्यां पांचवा आठवडा चालू आहे. शेजारचे लोक येतात, आठ फुटांची पेटी न्याहाळतात आणि ‘मासे कुठें आहेत?’ असें विचारतात. मी त्यांना कोपऱ्यांतल्या कांचेवर चिकटलेला, लापशीच्या थेंबासारखा एक पारदर्शक ठिपका दाखवितों. गोगलगाईनें अंडीं घातलीं आहेत.