श्यामच्या घरचं कर्ज

‘श्यामची आई’ म्हटलं की अळणी भाजी आठवते, पत्रावळ आठवते, पोहायला घाबरणारा श्याम आठवतो. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटानं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं आणि ही आई घराघरात पोहोचवली. तेव्हापासून हे पुस्तक म्हणजे संस्कार आणि अश्रू, असं समीकरण होऊन बसलं आहे. यंदा पाथरीत, कापूस घरात येण्याच्या दिवसांत, मी ते मुलांचं पुस्तक म्हणून न वाचता एका माणसाच्या आठवणी म्हणून वाचलं. तेव्हा लक्षात आलं, की हे एका घराच्या कर्जाचंही पुस्तक आहे.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ते लिहायला घेतलं आणि पाच दिवसांत त्याचा बराचसा भाग लिहून काढला. पुस्तक आलं १९३५ साली. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी मांडणी. छापलेल्या रात्री बेचाळीस. कादंबरी म्हणा नाहीतर आत्मकथन, माणसं घरचीच आहेत. कोकणातलं पालगड, खोताचं घराणं, आणि १९१७ साली गेलेली आई, यशोदा.

खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. गावात मान, घरात राबता. पण श्याम कळता होतो तोवर या खोतीचं नावच उरलेलं असतं. भाऊबंदकी होते, एकत्र घर सुटतं, आईला स्वाभिमानासाठी साध्या झोपडीवजा घरात संसार मांडावा लागतो. मान जुनाच, मिळकत मात्र आटलेली. व्याज तेवढं वाढत राहतं.

मान टिकवण्याची ही ओढ पाथरीकराला परकी वाटायला नको. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात, १५१८ साली, वऱ्हाडच्या इमादशाहाकडून पाथरी लढून घेतली गेली. तिच्या बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला होता, तो इमादशाहानं नाकारला होता. धर्म बदलला, तख्त मिळालं, तरी पूर्वजांच्या वतनाचं गाव सुटेना. सुलतानाला ते सैन्याच्या बळावर परत घेता आलं. पालगडच्या भाऊंकडे सैन्य नव्हतं. त्यांच्याकडे होता सावकार.

बत्तिसाव्या रात्रीपासून पुस्तकाचा सूर बदलतो. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, घरच्या बाईला झोंबेल असं बोलतो, आणि एरवी सगळं सोसणारी आई उसळून उठते. पुढं घरात एक वस्तू आहे तर दुसरी नाही, अशी अवस्था होते. मग जप्ती येते, तीही वाजतगाजत, गावाला ऐकू जाईल अशी. आईचं शेवटचं आजारपण सुरू होतं ते त्यानंतर. हा क्रम गुरुजींनी ठरवून लावला की आठवणीच तशा आल्या, काही असो. वाचताना जप्ती आणि आजार वेगळे काढता येत नाहीत. चित्रपट पाहून आपण रडतो ते आईच्या मरणासाठी. पुस्तकात ती आधी अब्रू जाताना पाहते, मग मरते.

आमच्याकडे या गोष्टींना वेगळे शब्द आहेत. मोंढ्यात आडत्याकडून उचल घ्यायची, कापूस त्याच्याच काट्यावर घालायचा. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर ‘नवं-जुनं’ करायचं. सातबाऱ्यावर बोजा चढला की तो घरातल्या पोरांना कळू द्यायचा नाही. माझ्या लहानपणी वडील मोंढ्यातून आले की त्यांच्या चेहऱ्यावरून आई अंदाज बांधायची, आणि आम्हाला बाहेर खेळायला पिटाळायची. आकडा आम्हाला कधीच कळला नाही. श्यामला तो कळतो. लहान मुलाला कर्ज दिसतं, ऐकू येतं, हे मराठीत इतक्या उघडपणे त्याआधी मी तरी वाचलेलं नाही. आणि ते लिहिलं गेलं तो काळही तसाच होता. १९२९नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते, कुणबी कर्जात रुतत होता. मुंबई सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी कायदा करायला १९३९ उजाडलं.

तरीही हे पुस्तक खोताच्या मुलाचं आहे, हे विसरून चालणार नाही. खोताचं घर बुडतं तेव्हा त्याची गोष्ट होते. खोताच्या कुळाचं घर बुडतं तेव्हा काय होत होतं? श्यामच्या घरी कांडपाला येणारी मथुरी तापानं फणफणते तेव्हा आई तिची काळजी घेते, जीव लावते. पण मथुरीच्या घरी सावकार कोण होता, ते पुस्तकात येत नाही. पुस्तक आल्यानंतर दोन वर्षांनी, १९३७ साली, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातली कुळं मुंबईत मोर्चा घेऊन आली. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्यानं. श्यामच्या आठवणी आणि हा मोर्चा एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांकडून आले आहेत. एक टोक हाती धरलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

गुरुजींच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. शंका आपल्या वाचनाबद्दल आहे. मुलांना आपण पत्रावळीची गोष्ट सांगतो आणि जप्तीची गाळतो, कारण ती मुलांच्या वयाची वाटत नाही. पण पाथरीच्या आसपासच्या कुठल्याही वर्गात अशी मुलं बसलेली असतात, ज्यांना घरी दारात उभा राहिलेला वसुलीचा माणूस माहीत आहे. त्यांना अळणी भाजीपेक्षा ती रात्र जास्त ओळखीची वाटेल. आपल्या घरात जे बोलायचं नसतं ते एका मोठ्या माणसानं लिहून ठेवलंय, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही, एवढं जरी त्यातल्या एखाद्या मुलाला कळलं, तरी त्या शेवटच्या रात्री वर्गात वाचायला हव्यात.