ऐकण्याची इच्छा

गेल्या पावसाळ्यात भाचीला मी म्हटलं, "अगं, एकदा समुपदेशकाकडे जाऊन ये." तिचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. रात्रीची झोप नाही, दुपारी काही कारण नसताना डोळ्यांत पाणी, आणि नवऱ्याशी दोन वाक्यांच्या पुढे बोलणं गेलं की वाद. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आणखी उपदेश नको गं आता. सासूबाई करतात, आई करते, खालच्या काकू करतात. तोच पैसे देऊन कशाला ऐकू?"

मी गप्प बसले. तिची काही चूक नव्हती. शब्द जे सांगत होता तेच तिनं ऐकलं होतं.

समुपदेशन. सम् आणि उप हे उपसर्ग, आणि दिश् हा धातू. दिश् म्हणजे दाखवणं, बोट करून दाखवणं. दिशा त्यातूनच आली. आदेश, निर्देश, संदेश, उद्देश ही सगळी त्याच घरची माणसं. उप म्हणजे जवळ. जवळ घेऊन दाखवलं तो उपदेश. एके काळी या शब्दात माया होती. गुरूनं कानात मंत्र सांगितला, की अमक्यानं उपदेश घेतला असं म्हणत. तो घेण्यासाठी माणसं मैलोन् मैल चालत जात. पुढे तो कानातून चारचौघांत आला, मागितल्यावाचून मिळू लागला, आणि त्याची किंमत गेली. आज 'फुकटचा' आणि 'डोस' हे त्याचे सोबती आहेत. इंग्रजी कौन्सेलिंगला मराठी प्रतिशब्द म्हणून 'समुपदेशन' रूढ झालं खरं, पण सम् लावून अर्थ कितीही सौम्य केला, तरी पोटातला उपदेश पोटातच राहिला.

मला यातली सर्वांत दुखरी गोष्ट ही वाटते, की ज्या कामासाठी हा शब्द आहे त्या कामाचा पहिला धडाच उपदेश न करण्याचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं याच विषयावरचं पुस्तक १९४२ साली आलं. त्यात त्यांनी जी पद्धत मांडली तिचं मराठी नाव अनिर्देशात्मक असं होतं. म्हणजे समोरच्याला वाट दाखवायची नाही. त्याचं त्याला बोलू द्यायचं, आणि त्याची वाट त्यालाच सापडेल यावर विश्वास ठेवायचा. रॉजर्सनी नेमका जो दिश् काढून टाकला, तोच आपण शब्दाच्या मधोमध ठेवून दिला. हिंदीनं 'परामर्श' घेतला. त्याच्या मुळाशी मृश् आहे, म्हणजे स्पर्श करणं, चाचपून पाहणं. तो मला जास्त जवळचा वाटतो. पण मराठीत परामर्श घेतात तो पुस्तकांचा आणि वर्षभरातल्या घडामोडींचा. माणसासाठी तो शब्द मोकळा उरलेला नाही.

मग 'सल्ला' बघावा. हा अरबीतून फारसीमार्गे आला, आणि आज तो वकिलाचा, डॉक्टरचा, गुंतवणुकीचा झाला आहे. त्याचं मूळ मात्र वेगळ्याच अंगणात आहे. ज्या अरबी धातूतून तो निघाला त्याचा अर्थ नीट असणं, बिघडलेलं जागेवर येणं. त्याच धातूतून सुलह आली, म्हणजे समेट. जुन्या मराठी कागदपत्रांत 'सला' हा शब्द तह, शांतता या अर्थानं येतो. आणि 'मसलत' हीदेखील त्याच धातूची लेक. सल्लामसलत म्हणताना आपण दोन बहिणींची नावं एका दमात घेतो हे सहसा लक्षात येत नाही.

भांडणाऱ्या नवराबायकोसमोर हा जुना अर्थ मला फार मोलाचा वाटतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं न्यायाधीशावरच समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली, आणि त्या न्यायालयांत समुपदेशकांची सोय करायला सांगितली. आपल्याकडच्या कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशकाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली जोडपी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की तिथे कोणी उपदेशासाठी आलेलं नसतं. दोघांमध्ये हातभर जागा सोडलेली असते, कधी मधे सासू बसलेली असते. त्या दोघांना आत बोलावणारा माणूस जे करतो ते सल्ल्याच्या जुन्या अर्थातलं काम आहे, तहाचं. कधी तो संसार पुढे चालवण्याचा तह असतो, कधी नीट वेगळं होण्याचा. दोन्हींना सारखाच धीर लागतो. 'दम्पती' या शब्दात दम् म्हणजे घर. पती म्हणजे धनी. वेदांत हा शब्द द्विवचनी येतो: घराचे दोघं धनी. दोन धन्यांमध्ये तहच होऊ शकतो, हुकूम नाही.

आता 'उपचार'. मानसोपचार म्हटलं की लोक दचकतात, म्हणून तरुण मंडळी 'थेरपी' म्हणतात. हे दोन शब्द पूर्वी कधी भेटलेले नाहीत, तरी त्यांचा अर्थ एकच निघतो. ग्रीकमध्ये थेरापॉन म्हणजे सेवेला जवळ असणारा सोबती. होमरच्या इलियडमध्ये पॅट्रोक्लस हा अकिलीसचा थेरापॉन आहे. थेरपाइया म्हणजे जवळ राहून केलेली सेवा. देवाची, थोरांची, आजाऱ्याची. आणि आपला उपचार? उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे चालणं. जवळ जाणं, जवळ वावरणं. म्हणून देवाचीही षोडशोपचार पूजा असते: आसन देणं, पाय धुणं, पाणी देणं, गंध लावणं. पाहुण्यासाठी जे करायचं तेच देवासाठी, आणि तेच दुखणाइतासाठी. औषध या शब्दात नंतर शिरलं. पुढे उपचारातून औपचारिक निघालं आणि त्यातली ऊब गेली, हे त्याचं दुर्दैव. चर् मात्र परिचर्येत शाबूत राहिला. परिचारिका म्हणजे भोवती वावरणारी.

या सगळ्यांत माझं मन ज्या शब्दाशी येऊन थांबतं तो 'शुश्रूषा'. आपण तो आजाऱ्याच्या सेवेसाठी वापरतो: अंग पुसणं, पथ्याचं खाणं, वेळेवर गोळी. पण व्याकरणानं तो उलगडून पाहा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. पिण्याची इच्छा ती पिपासा. सुटण्याची इच्छा ती मुमुक्षा. त्याच साच्यात श्रु हा धातू घातला, की शुश्रूषा होते. ऐकण्याची इच्छा. तेवढाच अर्थ. शिष्याला गुरूचं ऐकण्याची इच्छा, म्हणून त्याची सेवा. सेवेतून मग आजाऱ्याची सेवा, असा त्याचा प्रवास झाला. वाटेत कान हरवला आणि हात उरले. 'चिकित्सा'ही व्याकरणाच्या दृष्टीनं याच साच्यातली. तिच्या मुळाशी बारकाईनं पाहणं आहे. मराठीत ती डॉक्टरांकडून समीक्षकांकडे गेली, आणि फार खोदून विचारणाऱ्याला आपण चिकित्सक म्हणू लागलो.

कान लावून बसणाऱ्या माणसाच्या कामाला शुश्रूषा हा शब्द परत द्यावा, असं मला मनापासून वाटतं. होणार नाही, हेही कळतं. शब्द एकदा दवाखान्यात गेला की सहसा परत येत नाही.

पण घरात अजून एक आहे, आणि तो आपण रोज वापरतो: 'विचारपूस'. यातला विचारही चर् चाच. आणि पूस? जुन्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं. पृच्छा ज्या धातूतून आली त्याच धातूतून प्राकृताच्या वाटेनं पुसणं आलं. "मला कोण पुसतंय?" असं म्हातारी माणसं म्हणतात, त्यात तो अजून जिवंत आहे. दुसरं पुसणं आहे ते फडक्यानं पुसण्याचं. त्याचं घर निराळं, संस्कृत प्रोञ्छन. दोन वेगळ्या धातूंतून निघालेले दोन शब्द प्राकृतात झिजत झिजत आले आणि मराठीत एका उच्चारावर येऊन मिळाले. हा निव्वळ योगायोग आहे, भाषाशास्त्रात याला काही अर्थ नाही. तरीही एकाच शब्दानं प्रश्न विचारता यावा आणि डोळेही पुसता यावेत, हे मराठीचं मला मिळालेलं देणं वाटतं.

दिलासा आणि सांत्वन मी मुद्दाम मागे ठेवले. दिलासा फारसी, दिलाला आराम देणारा. आता तो बातम्यांत करदात्यांना मिळतो. सांत्वन फक्त मरणाच्या दारात उरलं.

बोलण्यानं माणूस बरा होतो, याला नाव दिलं तेही डॉक्टरनं नव्हे, रुग्णानं. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात योसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करत होते. वैद्यकाच्या इतिहासात ती ॲना ओ म्हणून ओळखली जाते; खरं नाव बर्था पापेनहाइम. दुखण्यात तिची जर्मन भाषा हरपली होती, ती इंग्रजीत बोलत असे, आणि त्या उसन्या भाषेत तिनं या बोलण्याला बोलण्याचा इलाज म्हटलं. कधी ती त्याला धुराडं साफ करणंही म्हणे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली ही हकिकत छापली. मराठीत याला 'मन मोकळं करणं' म्हणतात. मोकळं म्हणजे मुक्त. मुच् धातूतून निघून मोक्ष तिकडे गेला आणि मोकळं इकडे आपल्या अंगणात राहिलं.

आपल्याकडे हे काम जातं करायचं. पहाटे दळायला बसलेली बाई जात्याला देव म्हणायची आणि घरात कुणाला न सांगितलेलं त्याला सांगायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जातं उपदेश करत नाही. ते फिरत राहतं, आणि समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असते. गिरणी आली, मनगटं सुटली, ते चांगलंच झालं. ऐकणारी ती दुसरी बाई मात्र दळणाबरोबर गेली.

आईबापांना आपण 'पालक' म्हणतो. पाल् म्हणजे राखणं, सांभाळणं. पाळणं, पाळणा हे त्याच कुळातले. शाळेच्या फॉर्मवर या शब्दाखाली सही करताना कुणाच्या मनात येत नाही, की राखणाराला राखणारं कोण, याची तजवीज शब्दात नाही. पूर्वी ती माहेरात होती. माहेर म्हणजे मातृगृह, आईचं घर. माझ्या भाचीचं माहेर तीन खोल्यांचं, आणि तिची आई अजून नोकरी करते.

कुणाला आत्ता लगेच बोलायचं असेल, तर १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिचं नाव टेली मानस. नाव ठेवणाऱ्यांनी त्यात ना वेड घातलं, ना विकार, ना उपदेश. नुसतं मन ठेवलं.

भाची शेवटी गेली. मी शब्द बदलला म्हणून नव्हे; तिच्या मैत्रिणीनं सोबत नेलं म्हणून. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? "काही नाही गं," ती म्हणाली. "झोप कशी आहे विचारलं. मग मीच बोलत बसले." दुसऱ्या महिन्यापासून नवराही एकाआड एक खेपेला जाऊ लागला. त्यांच्या घरात याला अजून कुणी समुपदेशन म्हणत नाही, थेरपीही म्हणत नाही. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आज तिचं गुरुवारचं आहे." गुरुवारी चार ते साडेपाच बाळ माझ्याकडे असतं.