एका तारेचा इतिहास

आम्ही शाळेच्या बाकावर शिकलो त्याहून गेटसभेत अधिक शिकलो. म्हणून एखादे यंत्र समोर आले, की ते कोणी योजले ह्याच्या आधी ते कोणी जोडले, हे आम्ही विचारतो. आज एका जुन्या संगणकाला हाच प्रश्न विचारू.

केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांनी एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक विक्रीस काढला. किंमत १२५ पौंडांपासून. एवढ्या किमतीत वेगळा मॉनिटर कोठून देणार? परंतु ब्रिटनमध्ये टेलिव्हिजन घरोघर होता, आणि सिंक्लेअरांनी त्याचाच आधार घेतला. संगणकात तयार झालेले चित्र मॉड्युलेटर नावाच्या पत्र्याच्या डबीत जाई, तेथे ते छत्तिसाव्या चॅनेलच्या लहरींवर चढे आणि तारेने टेलिव्हिजनच्या अँटेनाच्या जागी पोहोचे. संचाला वाटे, हे एखाद्या केंद्राचेच प्रक्षेपण! तो ते पुन्हा लहरींवरून उतरवी. ह्या चढउतारात अक्षरे पुसट होत. तरीही असंख्य मुलांनी संगणकाची बाराखडी त्याच पुसट पडद्यावर गिरवली.

ब्रिटनमधील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०१२ मध्ये संपले. आजच्या पुष्कळ पडद्यांना त्या लहरी कळतच नाहीत. म्हणून हौशी कारागीर संगणक उघडतो. डबीला वीज पुरवणारी तार तो सोडवतो, आतल्या भागांचा बाहेरच्या सॉकेटशी असलेला जोड तोडतो, आणि मूळ चित्राची तार थेट सॉकेटच्या मधल्या टोकाला सोल्डर करतो. तेथून एक केबल मॉनिटरच्या पिवळ्या सॉकेटात लावली, की चित्र पुष्कळ स्वच्छ उमटते. मधला दलाल गेला!

पण झाकण उघडले, की आतले जुने जोडही दिसतात. हे संगणक स्कॉटलंडमधील डंडी शहरी, टायमेक्सच्या कारखान्यात जोडले जात. जोडणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. १९८६ मध्ये सिंक्लेअरांचा संगणकाचा धंदा ॲमस्ट्रॅडने विकत घेतला. पुढे १९९३ च्या आरंभी डंडीच्या त्या कारखान्यात कामगारकपातीवरून संप झाला. संपकऱ्यांना कामावरून काढले गेले, आणि ऑगस्टमध्ये कारखाना कायमचा बंद पडला.

सिंक्लेअरांचे नाव संगणकाच्या इतिहासात आहे, ते असावेच. परंतु चाळीस वर्षांनी एक नवी तार जोडताच जे यंत्र पुन्हा बोलू लागते, त्याच्या आतले बाकीचे जोड त्या बायांच्या हातचे आहेत. त्यांच्या नावांची पाटी त्या यंत्रावर नाही. निदान त्यांच्या कामाची आठवण तरी आपण ठेवू या.