लिव्हिंग्स्टनचा भग्न बाहू आणि आफ्रिकेतील पर्जन्य

धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेल्या युरोपीय पुरुषांची एकोणिसाव्या शतकातील चरित्रे बहुधा एकाच साच्यात घडविलेली आढळतात. चरित्रनायक एकाकी असतो. त्याच्या देहावर आघात होतात, ऋतू त्याच्यावर कोपतात, आणि श्रद्धेच्या बळावर तो या दोहोंना तोंड देतो. डेव्हिड लिव्हिंग्स्टन (१८१३–१८७३) हा या साच्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. तथापि त्याचेच लेखन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या साक्षी लक्षपूर्वक वाचल्या, तर हा साचा टिकत नाही. त्याच्या आयुष्यातील इजा आणि पर्जन्य या दोन सूत्रांचा माग घेतला असता त्यांचा भार पुष्कळ अंशी इतरांनी वाहिला, असे दिसून येते. त्या इतरांपैकी काही जण नाशिकहून गेलेले होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या अभ्यासकाने विसरण्याजोगी नाही.

लंडन मिशनरी सोसायटीचा प्रचारक व वैद्य म्हणून लिव्हिंग्स्टन १८४१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. १६ फेब्रुवारी १८४४ रोजी मबोत्सा येथे गावकऱ्यांबरोबर सिंहाच्या शिकारीस गेला असता जखमी सिंहाने त्याच्यावर झेप घेतली व त्याचा डावा दंड जबड्यात धरला. दंडाच्या हाडाचा चुरा झाला आणि दातांच्या अकरा जखमा राहिल्या. त्या क्षणी वेदना वा भीती वाटली नाही, एक प्रकारची गुंगी आली, असे त्याने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात नमूद केले आहे. हा मजकूर चरित्रकारांनी पुनःपुन्हा सांगितला आहे. त्याच्या लगतचा मजकूर मात्र तितक्या वेळा सांगितला गेलेला नाही. मेबाल्वे नावाच्या आफ्रिकी धर्मशिक्षकाने बंदूक रोखली. तिचे दोन्ही बार फुकट गेले. पण त्यामुळे सिंह लिव्हिंग्स्टनला सोडून मेबाल्वेच्या मांडीवर तुटून पडला. तिसरा एक मनुष्य भाला घेऊन धावला, तेव्हा सिंहाने त्याचा खांदा धरला. याच माणसाचा जीव पूर्वी लिव्हिंग्स्टनने रानरेड्यापासून वाचविला होता. अखेर आधीच लागलेल्या गोळ्यांनी सिंह कोसळला.

आपल्या अंगातील टार्टन कापडाच्या जाकिटाने सिंहाच्या दातांचे विष पुसून घेतले असावे, असा लिव्हिंग्स्टनचा तर्क होता. आपल्याला केवळ दंडातील खोट्या सांध्याची अडचण सोसावी लागली, सोबत्यांच्या वाट्याला मात्र अधिक यातना आल्या, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. खांदा फाटलेल्या माणसाची जखम पुढल्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा फुटली आणि ती त्याने लिव्हिंग्स्टनला दाखविली. या वृत्तान्तात मेबाल्वेचे नाव येते. त्या तिसऱ्या माणसाचे येत नाही. एकाच प्रसंगातील तीन जखमांपैकी एक जगप्रसिद्ध झाली, एक तळटीपेपुरती उरली आणि एक निनावी राहिली.

दुसरे सूत्र पर्जन्याचे. १८४७ मध्ये लिव्हिंग्स्टन बाक्वेना लोकांबरोबर कोलोबेंग नदीच्या काठी राहावयास गेला. तेथे लागोपाठ अवर्षणाची वर्षे आली. त्याने नदीचे पाणी पाटाने शेतात वळविले होते. पुढे नदीच आटली आणि मेलेल्या माशांवर तरसांचे कळप जमले. उघड्यावर पडलेल्या सुया कित्येक महिने गंजल्या नाहीत, इतकी हवा शुष्क होती. हे वर्णन निसर्गनिरीक्षकाचे असून ते विश्वसनीय आहे. परंतु या अवर्षणाची खरी झळ कोणास लागली, हेही तेथेच नोंदलेले आहे. बाक्वेना स्त्रियांनी अंगावरचे बहुतेक दागिने देऊन शेजारच्या जमातींकडून धान्य आणले.

येथे भाषेचा मुद्दा उपस्थित होतो. सेत्स्वाना भाषेत पावसाला ‘पुला’ म्हणतात. हाच शब्द चेवा भाषेत ‘म्वुला’ व स्वाहिलीत ‘म्वुआ’ या रूपांनी आढळतो. म्हणजे तो बांटू भाषाकुलाचा प्राचीन वारसा आहे. सेत्स्वानात ‘पुला’ हा आशीर्वादाचा आणि सभेतील जयघोषाचाही शब्द आहे. बोट्स्वाना देशाने १९७६ मध्ये आपल्या चलनास हेच नाव दिले. ज्या समाजात पाऊस आणि कल्याण यांना एकच शब्द आहे, तेथे पाऊस आणणे हे प्रमुखाचे केवळ एक कर्मकांड नसून राजकर्तव्य असते. बाक्वेनांचा प्रमुख सेचेले हा पर्जन्यविधीत निष्णात म्हणून ख्यात होता. १ ऑक्टोबर १८४८ रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो विधी सोडला. गोऱ्या उपदेशकाने आपल्या प्रमुखास मंत्राने बांधले आहे व म्हणून पाऊस पडत नाही, असा लोकांचा समज झाला. सेचेलेच्या चुलत्याने लिव्हिंग्स्टनला सांगितले, की तुम्ही आम्हांस घरच्यासारखे प्रिय आहात, परंतु हा अखंड उपदेश थांबवा. जे प्रार्थना करीत नाहीत त्यांच्याकडे पाऊस पडतो, आमच्याकडे नाही.

लिव्हिंग्स्टनने आपल्या ग्रंथात वैद्य व पर्जन्यवैद्य यांचा एक संवाद दिला आहे. पर्जन्यवैद्याचा युक्तिवाद असा, की तुम्ही औषध देता आणि गुण येणे देवाच्या हाती मानता. आम्हीही औषधी योजतो आणि पाऊस देणे देवाच्या हाती मानतो. मग भेद कोठे राहिला? लिव्हिंग्स्टनला हे पटले नाही, पण प्रतिपक्षाचा तर्क त्याने प्रामाणिकपणे उतरवून घेतला. अवर्षणाच्या त्या वर्षांत उपदेशकाच्या श्रद्धेची किंमत सेचेलेने आपल्या प्रजेचा विश्वास पणास लावून मोजली, हे त्याच ग्रंथावरून स्पष्ट होते.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध १८६४ मध्ये आला. झांबेझी मोहीम आटोपल्यावर लिव्हिंग्स्टनने आपली ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट विकण्यासाठी झांजिबारहून मुंबईकडे हाकारली. सुमारे २,५०० मैलांचे हे अंतर पंचेचाळीस दिवसांत कापून, पावसाळ्याच्या तोंडावर, १३ जून रोजी ती मुंबईस लागली. बोटीवर थोडे युरोपीय, झांबेझीकाठचे काही आफ्रिकी पुरुष आणि गुलामगिरीतून सोडविलेले चुमा व विकतानी हे दोन मुलगे होते. या मुलांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवण्यात आले. पुढल्या वर्षी लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आला, तेव्हा नाशिकजवळच्या शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमातून त्याने नऊ आफ्रिकी तरुण बरोबर घेतले. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली मुले या आश्रमात वाढत व कारागिरी शिकत. १८७२ मध्ये त्याच्या मदतीस गेलेल्या तुकडीतही जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर इत्यादी शरणपूरचे तरुण होते.

१८७३ च्या आरंभी बांग्वेउलू सरोवराच्या परिसरात अतिवृष्टी झाली. कोलोबेंगला अवर्षणाने गाठलेल्या या माणसास आयुष्याच्या अखेरीस पुराने गाठले. रक्तस्रावाने खंगलेल्या लिव्हिंग्स्टनला सोबती आळीपाळीने खांद्यावर घेऊन दलदली ओलांडत. एका ओढ्यात पाणी सुसीच्या तोंडापर्यंत आले होते, ही नोंद खुद्द लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत आहे. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी तो वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तेथील झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. देह उन्हात वाळवून, कापडात व सालीत गुंडाळून त्यांनी हजारांहून अधिक मैल वाहिला. वाटेत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉनने देह तेथेच पुरण्याची सूचना केली. ती त्यांनी मानली नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोस पोहोचले. एप्रिलमध्ये लंडन येथे सर विल्यम फर्ग्युसन या शल्यवैद्याने डाव्या दंडातील खोट्या सांध्यावरून देहाची ओळख पटविली, आणि १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. त्या वेळी जेकब उपस्थित होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोहोचले ते दफनानंतर.

मबोत्साच्या जखमेने अशा रीतीने अखेरची साक्ष दिली. पण ती साक्ष लंडनपर्यंत पोहोचली ती ज्यांनी देह वाहिला त्यांच्यामुळे. चरित्रग्रंथांत या भागाचे वर्णन पुष्कळदा ‘त्याला वाहून नेण्यात आले’, ‘देह आणण्यात आला’ अशा कर्मणि रचनेने केलेले असते. या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही, आणि न सांगितलेला कर्ता इतिहासातूनही गळून पडतो. लिव्हिंग्स्टनच्या स्वतःच्या रोजनिशीने मात्र पुष्कळ ठिकाणी हा कर्ता नावानिशी राखून ठेवला आहे. जेकबच्या दैनंदिनीचा जर्मन अनुवाद १८७४ मध्येच छापला गेला होता. त्याचे इंग्रजी हस्तलिखित २०१९ मध्ये अभ्यासकांस खुले झाले. तेव्हा साधने नाहीत ही सबब आता पुरेशी नाही. धर्मप्रसारकांच्या कष्टांचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, हा व्याकरणातील साधा प्रश्न विचारला पाहिजे. खांद्याची जखम वर्षाने पुन्हा फुटलेल्या त्या निनावी माणसाचे ऋण इतिहासाला एवढ्यानेच अंशतः फेडता येईल.