अर्धस्वयंचलित बंदुकीची परीक्षा : निकष आणि निर्णय

१. अमेरिकेच्या सैन्यानें ता. ९ जानेवारी १९३६ रोजीं जॉन गॅरंड यांची अर्धस्वयंचलित बंदूक अधिकृत शस्त्र म्हणून मान्य केली. ती परीक्षेंत पहिली आली म्हणून स्वीकारली गेली, असें एक मत. परीक्षकांचा कौल सेनाधिकाऱ्यांनीं धुडकावला, असें दुसरें. माझ्या मतें दोन्ही विधानें अर्धसत्य आहेत. परीक्षा एक दिसली तरी प्रश्न दोन होते. ते वेगळे न केल्यामुळेंच हा घोटाळा होतो.

२. पहिला प्रश्न यंत्राचा. अशा बंदुकीचा घोडा एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. परंतु रिकामें काडतूस बाहेर टाकणें व नवें आंत घेणें हें काम झालेल्या बाराच्याच जोरावर होतें. गॅरंड यांनीं त्यासाठीं नळींतील वायूचा दाब योजिला. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन पेडरसन यांच्या बंदुकीस मेणाचा लेप दिलेलीं काडतुसें लागत. धुळींत वावरणाऱ्या शिपायास ही अट जाचक होती.

३. दुसरा प्रश्न गोळीच्या व्यासाचा. १९२८ सालीं मेरीलँडमधील ॲबर्डीन येथें भूल दिलेल्या डुकरांवर ·३०, ·२७६ व ·२५६ इंची गोळ्या झाडून जखमा तपासण्यांत आल्या. मंडळानें ·२७६ चा पक्ष घेतला. जानेवारी १९३२ मध्यें त्याच व्यासाची गॅरंड बंदूक घ्यावी, अशी शिफारस झाली. फेब्रुवारींत चीफ ऑफ स्टाफ डग्लस मॅकआर्थर यांनीं नवा व्यास नाकारला. जुन्या ·३० काडतुसांचा सांठा मोठा होता, व मशीनगनलाहि तींच लागत. परिणामीं एका वेळीं भरावयाचीं दहा काडतुसें आठांवर आलीं.

४. तात्पर्य, यंत्राविषयींचा कौल मानला गेला, व्यासाविषयींचा नाहीं. मॅकआर्थर यांच्यापुढें तिसराच प्रश्न होता : कोठारांत काय आहे? त्याचें उत्तर चांदमारीच्या मैदानावर मिळण्यासारखें नव्हतें.

५. मान्यतेनेंहि परीक्षा संपली नाहीं. नळीच्या तोंडाशीं वायु अडविण्याची मूळची रचना काजळी धरी व ढिली पडे. म्हणून १९४० च्या सुमारास नळीसच छिद्र पाडून वायु घेण्याची योजना झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मरीन दलानें सॅन डिएगो येथें गॅरंड, जॉन्सन, विंचेस्टर व जुनी स्प्रिंगफील्ड या चार बंदुका ताडून पाहिल्या. अर्धस्वयंचलित तिघींत गॅरंड सरस ठरली. पुढें महायुद्धाच्या अखेरपर्यंत तिच्या सुमारें ४० लाख प्रती तयार झाल्या.

६. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकन सैन्यानें ५·५६ मिलिमीटर व्यासाची गोळी स्वीकारली, तेव्हां लहान गोळीचा जुना पक्ष पुन्हां उभा राहिला. यावरून १९३२ चा निर्णय चुकीचा होता असें सिद्ध होत नाहीं; तो कोणत्या निकषावर झाला एवढेंच स्पष्ट होतें. शस्त्राचा निर्णय कागदावर होतो, पण त्याची किंमत शिपाई देतो. म्हणून अशा परीक्षेचे अहवाल वाचतांना अभ्यासकानें आधीं प्रश्न कोणता होता तें पाहावें, मग उत्तर.