हजार विड्यांमागे पाच रुपये

बजेटचा आठवडा आला की सगळीकडे एकच प्रश्न फिरतो: काय स्वस्त झालं, काय महाग झालं? आरोग्याला किती दिले, हे विचारणारे थोडे. आणि ते पैसे कुठल्या खिशातून आले, हे विचारणारे त्याहून थोडे. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. पूर्वभागातल्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि त्याच्यासोबत बरेच छोटेमोठे उपकर रद्द झाले. त्यातला एक होता विडी कामगार कल्याण उपकर. रद्द झाला तेव्हा सोलापुरात फारशी कुजबुजही झाली नाही. कर गेला म्हटल्यावर कोण रडतं? पण हा कर आपल्याच गल्लीतल्या बायकांच्या दवाखान्याचा होता.

आमच्या शेजारच्या अक्का चाळीस वर्षं विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेल्या तेंदूपत्त्याची पानं. सकाळी कारखान्यात माल द्यायला जायचं, तिथं चेकरनं काही विड्या छाटात काढायच्या, उरलेल्या मोजून मजुरी मिळायची. नवरा लूमवर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजातल्या कितीतरी घरांचं सोलापुरातलं गणित असंच बसलं: पुरुष चादर-टॉवेलच्या मागावर, बाई विडीवर. आणि १८७७ पासून चाललेली जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, पुढे बाकीच्या गिरण्याही एकेक करून गेल्या, तेव्हा विडी हा किती घरांचा आधार झाला हे सांगायला नको. शहरात साठ-सत्तर हजार बायका हे काम करतात असं बोललं जातं.

आता कायद्याकडे येतो. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा झाला. पण घरात बसून वळणाऱ्या बाईच्या खोकल्याचं काय, तिच्या पाठीचं काय? त्यासाठी १९७६ साली दोन कायदे आले. एकाने उपकर बसवला, दुसऱ्याने त्या पैशाचा कल्याण निधी केला. दवाखाने, टीबीच्या रुग्णांसाठी राखीव खाटा, चष्मा, पोरांना शिष्यवृत्ती, घरासाठी अनुदान, सगळं त्यातून. पुढे कर्करोगाच्या उपचाराचा खर्चही त्यात आला. कल्पना सरळ होती: ज्या मालामुळे फुफ्फुस जातं, त्याच मालानं औषधाचे पैसे द्यायचे.

इथं एक गंमत आहे, बहुतेकांना ठाऊक नसलेली. हा उपकर २०१७ च्या आधीही एकदा गेला होता. सुरुवातीला तो विडीवर नव्हता, विडीच्या तंबाखूवर होता आणि तंबाखूच्या अबकारीबरोबरच वसूल व्हायचा. १९७९ च्या केंद्रीय बजेटमध्ये चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरची अबकारी काढून टाकली. हेतू चांगला, शेतकऱ्याला जाच नको. पण त्या धक्क्यात विडी कामगारांचा उपकरही बंद पडला. कुणी ठरवून केलं नाही, दुसऱ्या कराच्या सुधारणेत हे चिरडलं गेलं. मग १९८१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कर तयार विडीवर आला. सुरुवात हजार विड्यांमागे दहा पैशांपासून, शेवटी पाच रुपयांपर्यंत.

म्हणजे तेव्हा चूक लक्षात आली आणि दोन-तीन वर्षांत भरून काढली गेली. २०१७ नंतर तसं झालं नाही.

हिशोब करून बघा. रोज सातशे विड्या वळणारी बाई, वर्षाचे तीनशे दिवस काम. पाच रुपये हजारीने तिच्या हातून वर्षाला १०५० रुपये निधीत जात होते. तिच्या मजुरीतून कापून नाही, मालावर. पण बोटं तिचीच.

बाजू दुसरीही आहे, ती लपवत नाही. उपकरांचं जंगल झालं होतं हे खरंच. प्रत्येक वस्तूला वेगळा निधी, वेगळं खातं, हे कुठवर चालवायचं? योजना बंद केल्या नाहीत, आता बजेटमधून पैसे देतो, असं केंद्राचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. फरक एवढाच की निधीचा पैसा कायद्यानं तिचा होता. बजेटचा पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. आणि मागायला दिल्लीला कोण जाणार? अक्का?

कुणी म्हणेल, आता महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना. आहे, आणि तिचं मोल मी कमी करत नाही. २०१२ च्या जुलैत ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या पहिल्या आठात आपलं सोलापूर होतं. दीड लाखाचं कव्हर पाच लाख करायचा निर्णय राज्यानं २०२३ साली घेतला. पण ती योजना ॲडमिट झालेल्या माणसाची आहे. ऑपरेशन असेल, मोठा आजार असेल तर कामाची. रोजचा खोकला, बीपीची गोळी, मान आखडलेली, यासाठी तिथं पॅकेज नाही. ते काम गल्लीजवळच्या दवाखान्याचं. बाई अर्धा दिवस मोडून लांब जात नाही, कारण अर्धा दिवस म्हणजे साडेतीनशे विड्या.

बरं, विडीवरचा कर संपलाय का? अजिबात नाही. जीएसटीत विडीला २८ टक्के लागला, तेंदूपत्त्याला १८. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परिषदेनं विडीचा दर १८ आणि पानाचा ५ करायचं ठरवलं. पैसा जातोच आहे, फक्त त्यावर अक्काचं नाव राहिलेलं नाही.

मागून काही मिळतच नाही असंही नाही. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरं उभी राहिली ती आडम मास्तर आणि त्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून. घरासाठी रस्त्यावर आलेलं गाव दवाखान्यासाठी का येत नाही, हे मला कळत नाही. कदाचित घर डोळ्यांना दिसतं, खोकला रात्रीच ऐकू येतो.

अक्कांचं विडी कामगाराचं ओळखपत्र त्यांच्या सुनेनं अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, रेशन कार्डाशेजारी. परवा तिनं मला विचारलं, "दादा, हे आता कुठं चालतं?" मी चौकशी करून सांगतो म्हटलंय. तुमच्यापैकी कुणी गेल्या वर्षभरात विडी कामगारांच्या दवाखान्यात जाऊन आलं असेल, तर डॉक्टर किती वेळ बसतात आणि औषधं मिळतात का, एवढं खाली लिहा.