घरातली कार्यशाळा

आपल्या मराठवाड्यातील विद्येचा इतिहास हा पुष्कळसा अंतराचा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. आणि १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. १९४८ मध्ये आपण मुक्त झालो. पुढे १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९६१ मध्ये लातूरला दयानंद शिक्षण संस्था, १९८१ मध्ये नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. विद्या अशी एकेक मुक्काम करीत जवळ आली. आज ज्या साधनाविषयी आम्ही बोलणार आहोत, ते तिला थेट घरातल्या टेबलापर्यंत आणते.

विद्यापीठ निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १९९५ मध्ये, अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत संगणकाच्या एका नव्या भाषेचा पहिला आराखडा केला. त्याच वर्षी डिसेंबरात तिचे ‘जावास्क्रिप्ट’ हे नाव ठरले. ब्राउझर हेच तिचे घर. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची निराळी प्रत काढली. घरोघरी व्याकरण बदलू लागले, तर लिहिणाऱ्याने करावे काय? म्हणून १९९७ मध्ये तिचे प्रमाण व्याकरण सिद्ध झाले. २००९ मध्ये रायन डाल यांच्या ‘नोड’ने तिला ब्राउझरबाहेर काम दिले, आणि २०१० मध्ये ‘एनपीएम’ हे तयार भागांचे कोठार उघडले.

आता आपल्या घरी काय घडते? मुलगी उमेदीने संगणकापुढे बसते आणि पहिल्याच संध्याकाळी नोड, कोठार आणि त्यातील डझनभर भाग एकदम उतरवून घेऊ पाहते. मध्येच वीज जाते, पडद्यावर इंग्रजीत चुकांच्या ओळी उमटतात, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून ती उठते. विद्या दारापर्यंत आली आणि परत गेली! येथे मुलीची बुद्धी उणी पडत नाही, क्रम चुकतो.

भाषा ज्या क्रमाने वाढली, त्याच क्रमाने मांडामांड करावी, असे आमचे सांगणे आहे. प्रथम केवळ ब्राउझर. तो संगणकावर असतोच. बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबून ‘कन्सोल’ उघडावा, एक बेरीज लिहावी. उत्तर तत्काळ मिळते. हात बसला म्हणजे लेखनासाठी व्हीएस कोड घ्यावा; २०१५ मध्ये आलेले हे साधन विनामूल्य आहे. ब्राउझरबाहेरचे काम निघाले तरच नोड, आणि कोठारातील माल सर्वांत शेवटी, जरुरीपुरता. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचा एक भाग त्याच्या कर्त्याने कोठारातून काढून घेतला, तेव्हा जगभर अनेकांची कामे अडली. उसन्या मालावर किती विसंबावे, याचा हा धडा आहे.

आणखी एक गोष्ट. या भाषेचे मूळ शब्द इंग्रजी असले, तरी आपण ठेवावयाची नावे देवनागरीत चालतात. साठविलेल्या अंकाला ‘बेरीज’ म्हणा, यंत्र कुरकुर करीत नाही. जेथे एके काळी दरबारात मराठीला जागा नव्हती, तेथल्या मुलीने पहिली ओळ अशी लिहावी. आपण वडीलधाऱ्यांनी तिला रोज एक तास संगणक मोकळा करून द्यावा. शेवटचे अंतर आता तेवढेच उरले आहे.